परत न आलेल्या सुया

माझ्या जिभेला धार आहे, हे आमच्या चर्चच्या मंडळीत सगळ्यांना ठाऊक आहे. कात्रीची सगळी धार जिभेत उतरली आहे, असं पाळकसाहेब एकदा चारचौघांत म्हणाले, तेव्हा मी त्यांना तिथल्या तिथे सांगितलं की कात्रीही काही बोथट नाही, तुमच्या झग्याची बाही आणून बघा. तेव्हापासून कोणाच्या घरी दुःख झालं की सांत्वनाला जाणाऱ्यांच्या यादीत माझं नाव नसतं. चर्चचे पडदे शिवायचे असले की मात्र मावशी बरोबर आठवते.

म्हणून किल्लीवाल्या भाऊंची बायको गेली तेव्हा मी दफनाला गेले, मूठभर माती टाकली आणि गुपचूप घरी आले. बोलण्यासारखं होतं, पण ते वहिनींशीच बोलायचं होतं, आणि ते आता राहूनच गेलं होतं.

भाऊंचं दुकान माझ्या शिवणाच्या दुकानापासून तिसरं. हात पसरले तर दोन्ही भिंतींना लागतील एवढंच. एका भिंतीवर खिळ्यांना लटकवलेल्या कोऱ्या किल्ल्या, खाली कामाचा बाक, त्यात कानशींचा खण, आणि दाराजवळ दोन स्टुलं. एकावर भाऊ, दुसऱ्यावर वहिनी. भाऊ किल्ल्या घासायचे आणि वहिनी कुलपांच्या पोटातल्या तांदळाएवढ्या स्प्रिंगा चिमट्यानं बसवायच्या. तीस वर्षं ती दोन स्टुलं जागची हलली नाहीत.

वहिनींची मला एकच गोष्ट खटकायची. नऊ वर्षांपूर्वी आमचे हे गेले, तेव्हा मी शिवणयंत्रावर चादर टाकली आणि खिडकीशी बसून राहिले. त्या दिवसांत वहिनी रोज दुपारी चारला दारात हजर. "ताई, एक सुई देता का? आणि दोरा ओवूनच द्या बाई, मला मेलीला नेढं दिसत नाही." मला जागचं उठवत नसायचं, पण ही बाई दारातून हलायची नाही. मग मी उठायचे, सुई शोधायचे, दोरा ओवायचे आणि त्यांच्या हातात ठेवायचे. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. कालची सुई कुठं गेली विचारलं, तर म्हणायच्या, "हरवली की हो." माणसानं सुया हरवाव्यात तरी किती! माझं दुःख राहिलं बाजूला, मी त्यांच्या वेंधळेपणावरच चिडायला लागले. शेवटी एके दिवशी मी त्यांच्यावर खेकसले, "वहिनी, हातात काम आहे, दिसत नाही का? उद्या या!"

त्यानंतर त्या सुई मागायला कधीच आल्या नाहीत. बाकी बोलणंचालणं होतं तसंच राहिलं. रविवारी उपासनेला माझ्या शेजारी बसायच्या, गीतांचं पुस्तक उघडून पुढे करायच्या. पण सुईचं नाव नाही. मी समजले, माझं बोलणं त्यांना लागलं. माफी मागायची ठरवण्यात नऊ वर्षं गेली. एवढ्याशा सुईपायी काय माफी मागायची, असं म्हणायचे मी स्वतःला, आणि मागितली नाही याची रुखरुख काही केल्या जायची नाही.

तर वहिनी गेल्या आणि भाऊंनी दुकानाचं शटर ओढलं, ते तीन महिने वर केलं नाही. ते मागच्या खोलीत पडून असायचे. मंडळी काही हात बांधून बसली नव्हती. पहिल्या आठवड्यात जेवणाचे डबे गेले. कोणी कोणाला विचारायची पद्धत आमच्याकडे नाही, त्यामुळे एकाच दिवशी सात घरांतून सात डबे सूप गेलं. पायरीवर सातही डबे रांगेत. माणूस दुःखात होता, त्याला बुडवायचा होता की काय कोण जाणे.

तिसऱ्या महिन्यात चिटणीसकाका वडीलधाऱ्यांना घेऊन गेले. काका प्रार्थनेला उभे राहिले की लहान मुलांना भूक लागून ती निघूनही जाते. पाऊण तास त्यांनी भाऊंच्या खोलीत प्रार्थना केली. भाऊंनी शेवटी "आमेन" म्हटलं, दार उघडून धरलं, आणि "जपून उतरा, पायरी उंच आहे," एवढंच म्हणाले.

त्यानंतरच्या रविवारी उपासना झाल्यावर पाळकसाहेबांनी आम्हा दहावीस जणांना थांबवून घेतलं. भाऊंनी येत्या शनिवारी भंगारवाल्याला बोलावलं होतं. हत्यारं, किल्ल्या, सगळंच त्याला देऊन टाकायचं आणि परगावी लेकीकडे जायचं, असं त्यांचं ठरलं होतं. लेकीनं मागची खोली रिकामी करून ठेवली होती.

"तिकडे जाऊन काय करणार, म्हणून विचारलं मी," पाळकसाहेब म्हणाले, "तर म्हणाले, बसेन."

बाकीच्यांनी मान हलवली. मी मात्र हलवली नाही. ते बसणं मी केलेलं आहे. खिडकीशी बसलं की आधी तास जातो, मग दिवस जातो, मग कोणी हाक मारली तरी ती आपल्याला आहे असं वाटत नाही. भाऊंच्या हातातलं काम एकदा भंगाराच्या गाडीत चढलं असतं, तर त्या मागच्या खोलीतून ते पुन्हा उठले नसते, हे मला पक्कं माहीत होतं.

"शब्द पुष्कळ झाले," पाळकसाहेब म्हणाले. "आता ज्याला जे सुचेल ते करा. पण गाजावाजा नको. या हाताचं त्या हाताला कळता कामा नये." एवढं म्हणून त्यांनी चिटणीसकाकांकडे पाहिलं. काकांनी माझ्याकडे पाहिलं. मी पर्स उचलली आणि निघाले.

सोमवारी सकाळी कामाला बसण्याआधी मी प्रार्थना केली. माझी प्रार्थना लांबत नाही. "प्रभू, मला गोड बोलता येत नाही. तूच मला अशी घडवलीस, तेव्हा तक्रार ऐकून घेणार नाही. बोलण्याशिवाय दुसरं काही करण्यासारखं असेल तर दाखव." डोळे उघडले तर समोर तयार कपड्यांचं कपाट, आणि कपाटाला भाऊंनीच बसवलेलं कुलूप.

मी छातीशी टोचलेली सुई काढली, किल्लीच्या भोकात खुपसली आणि वाकवली. कट्‌कन टोक आत राहिलं. किल्ली घालून पाहिली, फिरेना. मिनिटभर मी स्वतःवर भलतीच खूश होते. मग आठवलं की कपाटात लग्नाचा झगा आहे, नवरी उद्या सकाळी तो घालून बघायला येणार आहे, आणि त्याच्या गळ्याचं काम अजून अर्धं बाकी आहे. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

तशीच भाऊंच्या मागच्या दारी गेले. त्यांनी दार उघडलं. दाढी वाढलेली, शर्टाची दोन बटणं गायब. मला माणसाच्या चेहऱ्याआधी बटणं दिसतात.

"दुकान बंद आहे, ताई."

"ते दिसतंय मला. पण लग्नाचा झगा कपाटात अडकलाय. कुलूप उघडत नाही."

"चौकात एक नवीन माणूस आहे. त्याला बोलवा."

"तो कुलपं फोडतो, भाऊ. तुम्ही उघडता."

हे मी काही ठरवून बोलले नव्हते, तोंडातून निघून गेलं. भाऊंनी दार पुरतं उघडलं. मग आत जाऊन खिळ्यावरची हत्यारांची पिशवी घेऊन आले. कुलूप खरंच उघडत नव्हतं, तेव्हा मी खोटं काही बोलले नव्हते. ते कशानं बिघडलं हे त्यांनी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही.

कपाटासमोर ते गुडघ्यांवर बसले. बारीक आकडा घातला, चिमटा घातला, मान तिरकी करून कान लावला. वीसेक मिनिटांनी त्यांनी काहीतरी बाहेर ओढलं, खिडकीशी नेऊन बघितलं आणि खिशात टाकलं. चोराच्या मनात चांदणं, मी उगीचच कापडाच्या घड्या मोडून परत घालत होते. कपाट उघडलं होतं, तरी भाऊ उठले नाहीत. त्यांनी कुलूप सोडवून घेतलं, पुसलं, तेल घातलं, पुन्हा बसवलं.

"चांगलं कुलूप आहे," ते म्हणाले. "आतल्या स्प्रिंगा तिनं बसवलेल्या आहेत."

मी चहा केला. त्यांनी तो उभ्यानं घेतला. "शर्ट द्या, बटणं लावून देते," मी म्हटलं. "उद्या देतो," म्हणाले आणि गेले.

मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली. दुसऱ्या दिवशी मागच्या दाराचं कुलूप बिघडवायचं, तिसऱ्या दिवशी खणाचं, असा माझा बेत होता. पण मंगळवारी बघते तर पाववाला हातात कुलूप घेऊन भाऊंच्या मागच्या दारी उभा. त्याच्यामागून शाळेतल्या बाई, टेबलाचा अख्खा खण पोटाशी धरून. बुधवारी मागच्या दारी गर्दी मावेना म्हणून भाऊंनी पुढचं शटर अर्धं वर केलं. लाँड्रीवाला आला, रंगारी आला, चर्चची झाडलोट करणाऱ्या आजी गीतांच्या पुस्तकांच्या कपाटाचं कुलूप घेऊन आल्या. गुरुवारी चिटणीसकाका हातगाडीवर एक मोठी लोखंडी ट्रंक घालून आले, आणि ती आजोबांच्या वेळेपासून उघडतच नाही, असं रस्त्यानं सगळ्यांना सांगत आले.

मला राग आला. कल्पना माझी, आणि हे सगळे आयत्या पिठावर रेघोट्या ओढायला हजर! त्या रागात मी झग्याची खालची किनार उलटी शिवली आणि सगळी उसवत बसले. उसवता उसवता लक्षात आलं की माझी कल्पना मी कोणाला सांगितलीच नव्हती. मग यांना कोणी सांगितलं? कोणीच नाही. प्रत्येकाला वाटत होतं की हे फक्त आपल्यालाच सुचलं. सात डबे सूप नेणारी मंडळी ती, कुलपांच्या बाबतीत एकदम शहाणी कशी होणार!

शनिवारी दहाच्या सुमाराला भंगारवाला गाडी घेऊन आला. मी काम टाकून दारात येऊन उभी राहिले. पाववाला त्याच्या दारात, लाँड्रीवाला त्याच्या दारात, कोणाचंच कामात लक्ष नाही. भाऊंनी शटर पूर्ण वर केलं.

"चला, काढा सामान," भंगारवाला म्हणाला.

भाऊंनी मागे वळून बाकाकडे पाहिलं. बाकावर चिठ्ठ्या लावलेली एकोणीस कुलपं, खाली काकांची ट्रंक.

"आज नाही जमणार," ते म्हणाले. "लोकांची कामं पडलीत. आधी ती देतो."

"मग कधी येऊ?"

"बघू. कळवतो."

रिकामी गाडी खडखडत माझ्यासमोरून गेली. मी आत आले आणि टेप हातात घेऊन कापड मोजायला लागले. तीनदा मोजलं, तीनदा वेगळं माप आलं. डोळे भरले होते, दुसरं काही नाही.

दुपारी भाऊंनी हाक मारली, "ताई, जरा येता का?"

गेले. बाकावर कागद पसरला होता आणि त्यावर ओळीनं छोटे छोटे ढीग लावलेले होते.

"हे बघा," एकेकावर बोट ठेवत भाऊ म्हणाले. "वाळलेली कणीक, पाववाल्याच्या कुलपातली. खडू, शाळेतल्या बाईंचा. साबण, लाँड्रीवाल्याचा. हिरवा रंग कोणाचा ते सांगायला नको. आजींनी मेणबत्तीचं मेण ओतलंय. चिटणीसकाकांच्या ट्रंकेच्या कुलपात कागदाला टोचायच्या नऊ टाचण्या निघाल्या, नऊ! आणि हा पाळकसाहेबांच्या दाराच्या कुलपातला कपटा. प्रवचनाचा आहे. मुद्दा दुसरा, वाचता येतो अजून."

मी ओळीवरून नजर पुढे नेली. ओळीच्या शेवटी माझ्या सुईचं टोक होतं.

"आणि हे सोमवारचं," भाऊ म्हणाले.

"रागावलात?"

"आधी रागावलो. चांगली कुलपं कोणी अशी नासवतं? मग बुधवारी हसू आलं. तीन महिन्यांत पहिल्यांदा. तुम्हाला लोकांना धड कुलूपही बिघडवता येत नाही, ताई."

"आम्ही काय चोर आहोत?"

"चोर परवडले. ते एवढी नासधूस करत नाहीत."

मीही हसले. भाऊंनी कागद बाजूला सरकवला. वाकून त्यांनी वहिनींच्या स्टुलाखालून एक चपटा पत्र्याचा डबा काढला.

"बाकीच्यांचं मला बुधवारी कळलं. तुमचं सोमवारीच कळलं होतं. ते टोक बघितलं आणि हा डबा आठवला." त्यांनी झाकण काढून डबा माझ्यापुढे सरकवला.

आत फ्लॅनेलचा तुकडा होता आणि त्यात ओळींनी सुया टोचलेल्या. प्रत्येक सुईत दोरा. माझा दोरा. मी माझा दोरा कुठंही ओळखेन.

"एकेचाळीस आहेत," भाऊ म्हणाले. "तिनं एकही हरवली नाही. आणली तशी ओळीनं लावून ठेवली. ही पहिली."

पहिल्या सुईत बोटभर काळा दोरा होता, तुटका, गाठ न मारलेला. तो मी कसा ओवला असेन ते मला आठवलंसुद्धा नाही. पहिल्या ओळीत सगळे तसेच. दुसऱ्या ओळीत दोरे लांब झाले होते. तिसरीत गाठी आल्या. चौथीत एक निळा होता, एक पिवळा, आणि शेवटचे काही पांढरे, मेण लावून गुळगुळीत केलेले, मी गिऱ्हाइकाच्या कामाला घेते तसे.

"रोज येऊन मला दाखवायची," भाऊ म्हणाले. "आज ताईंनी गाठ मारली. आज ताईंनी रंग कुठला देऊ विचारलं. मला त्यातलं काय कळतंय! मी आपला हो हो म्हणायचो."

"पण भाऊ, वहिनींना तर नेढं दिसत नव्...."

वाक्य तिथंच राहिलं. तांदळाएवढ्या स्प्रिंगा ती बाई तीस वर्षं उघड्या डोळ्यांनी बसवत होती. रोज माझ्या डोळ्यांदेखत. आणि मी तिला वेंधळी म्हणत होते.

"मी खेकसले होते त्यांच्यावर," मी म्हटलं. नऊ वर्षांत हे पहिल्यांदा तोंडातून बाहेर पडलं. "उद्या या म्हणाले, आणि त्या पुन्हा आल्याच नाहीत. मी माफीसुद्धा मागितली नाही, भाऊ."

"तो दिवस?" भाऊ म्हणाले. "तो दिवस मी विसरेन होय! धावत आली ती. अहो, म्हणाली, आज सुई मिळाली नाही! ताई मशीनवर बसल्यात, हातात काम आहे म्हणाल्या, माझ्यावर खेकसल्या! ह्या स्टुलावर बसून हसली, हसता हसता रडली. मग आम्ही दोघांनी मिळून देवाचे आभार मानले आणि तिनं डबा बंद केला. मला बजावलं, ताईंना कधी सांगायचं नाही."

"मग आज का सांगितलंत?"

"ती गेली ना," भाऊ म्हणाले. "आता या हाताचं त्या हाताला कळलं तरी चालेल."

मी लोकांसमोर रडत नाही. त्या दिवशी मी वहिनींच्या स्टुलावर बसले आणि मनसोक्त रडले. भाऊंनी कानस उचलली, माझ्याकडे न बघता एक किल्ली घासायला घेतली आणि माझं होईपर्यंत घासत राहिले. त्या किल्लीचं पुढे काय झालं असेल देव जाणे.

डबा त्यांनी मलाच दिला. एकोणीस कुलपं संपली, पण तोवर खरीखुरी बिघडलेली दुसरी आली होती, कारण गावात कुलपं बिघडायची थांबत नाहीत. लेकीनं तिकडे भाऊंसाठी रिकाम्या केलेल्या खोलीत शेवटी इस्त्रीचं टेबल ठेवलं. मी मात्र दर चारपाच दिवसांनी दुपारी चारला काहीतरी घेऊन जायचेच. कधी कात्रीच्या खणाचं कुलूप, कधी मागच्या दाराचं. आता सुई खुपसत नव्हते, नुसतं म्हणायचे, "भाऊ, घट्ट चालतंय हो." कुलपात काही बिघाड नाही हे त्यांना कळायचं, तरी हातातलं टाकून ते माझं कुलूप घ्यायचे, खोलायचे, पुसायचे. तोंडावर हसू असायचं, पण हात मधेच थांबायचे आणि नजर शेजारच्या रिकाम्या स्टुलाकडे जायची.

असे दोन महिने गेले. एका मंगळवारी सकाळी भाऊ स्वतः माझ्या दुकानात आले आणि तो दोन बटणं गायब असलेला शर्ट टेबलावर टाकून गेले. दुपारी चारला मी एक बारकं कुलूप घेऊन त्यांच्याकडे गेले. दारात तीन गिऱ्हाइकं उभी होती, त्यांच्यात पाववालाही. भाऊ मान खाली घालून किल्ली घासत होते. लोखंडाचा चुरा मनगटापर्यंत उडाला होता.

"भाऊ, हे जरा घट्ट...."

"ताई, हातात काम आहे, दिसत नाही का? उद्या या!"

गिऱ्हाइकं माझ्याकडे बघायला लागली. पाववाला जवळ येऊन हळूच म्हणाला, "मावशी, मनावर घेऊ नका. कामात आहेत ते."

"नाही घेत," मी म्हटलं, आणि तोंड फिरवून चालायला लागले, कारण मला हसू आवरत नव्हतं.

दुकानात येऊन मी दार लोटलं आणि गुडघे टेकले. प्रार्थना नेहमीसारखीच झटपट झाली, फक्त या वेळी त्यात वहिनींची माफी होती. मग ते बारकं कुलूप खणाच्या तळाशी टाकलं, पत्र्याचा डबा उघडला, शेवटच्या ओळीतली पांढऱ्या दोऱ्याची सुई काढली, आणि भाऊंच्या शर्टाला बटणं लावायला बसले.